सिल्व्हर्टनला पहिल्यांदा जाताय? मुक्कामाच्या तयारीनंच निघा

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, सॅन ह्वान डोंगरांच्या मधोमध एका सपाट खोलगटीत सिल्व्हर्टन नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे ६२२ माणसं भरली. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी सोसायटीत याहून जास्त लोक राहतात. उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास इथे वाफेच्या इंजिनाची गाडी येते, दोन-सव्वादोन तास गावात जत्रा भरते, मग शिट्टी होते, गाडी निघून जाते आणि रस्त्यावर कुत्री आडवी होतात.

येणाऱ्यांपैकी बहुतेक जण ही जत्राच बघून परततात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. बर्गर संपवता संपवता शिट्टी झाली, हातात कागदी पेला घेऊन पळालो, आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आपण गाव बघितलंच नाही, फक्त दुकानांच्या पाट्या वाचल्या. पुढच्या खेपेला राहिलो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते मुक्कामाचा बेत धरूनच. एका दिवसात उरकायचं असेल त्यांनाही तिकिटाचा आणि गाडीचा भाग उपयोगी पडेल.

आधी थोडं पूर्वपीठिकेचं, कारण ते माहीत नसेल तर खिडकीतून दिसतो तो नुसता डोंगर. या डोंगरांत चांदी सापडली, पण खनिज खाली आणायचं कसं हा प्रश्न होता. खेचरांच्या पाठीवरून आणलेल्या मालाला वाहतुकीचाच खर्च जड व्हायचा. डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे या रेल्वे कंपनीनं या भागात रूळ आणायचं ठरवलं तेव्हा आधीपासून वसलेल्या ॲनिमस सिटीशी तिचं जमलं नाही. कंपनीनं सरळ दोनेक मैल दक्षिणेला १८८० मध्ये स्वतःचंच गाव वसवलं, ते ड्यूरँगो. तिथून ॲनिमस नदीच्या घळीतून वर सिल्व्हर्टनपर्यंत ४५ मैलांचा, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरचा मार्ग जुलै १८८२ पर्यंत पुरा झाला. हिवाळा मध्ये धरून वर्षाच्या आत!

रुळांमधलं अंतर तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरवर धावते, तेव्हा ही तिची मोठी बहीण म्हणायला हरकत नाही. अरुंद रुळांचं कारणही तेच: वळणं जास्त आवळून घेता येतात, कडा कमी फोडावा लागतो, पैसा वाचतो. पुढे १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले, खाणी एकेक करून थंडावल्या. १९७० च्या सुमारास ड्यूरँगोला बाहेरच्या जगाशी जोडणारे रूळही उखडले गेले. उरला तो हा ७२ किलोमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना कशालाच न जोडलेला, पर्यटकांच्या जिवावर. १९८१ मध्ये तो खासगी मालकीत गेला आणि आजचं ‘ड्यूरँगो अँड सिल्व्हर्टन नॅरो गेज’ हे नाव पडलं.

पहिलं काम: महिना ठरवा

गाडी सिल्व्हर्टनपर्यंत साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच जाते. हिवाळ्यात ती अर्ध्या वाटेवरच्या कॅस्केड कॅनियनला वळून परत येते. तो प्रवासही देखणा असतो, पण त्यात गाव नाही. हिवाळी तिकीट काढून ‘सिल्व्हर्टन कधी येणार’ असं डब्यात विचारणारे लोक मी पाहिलेत, तेव्हा तिकिटावरचं मुक्कामाचं नाव नीट वाचा.

जुलै-ऑगस्टात गवत हिरवं, रानफुलं भरात आणि गर्दीही भरात. दुपारी ढग जमून गडगडाटी पाऊस येतो. इथले लोक त्याला चक्क ‘मान्सून’ म्हणतात. आपण हसू दाबायचं. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. ॲस्पेनची झाडं तेव्हा हळदीसारखी पिवळी होतात, आकाश स्वच्छ असतं आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी जरा ओसरलेली असते. फक्त थंडीचे कपडे जास्त घ्यावे लागतात आणि काही ठिकाणं बंद व्हायच्या बेतात असतात.

दुसरं: ड्यूरँगोला पोचा आणि एक रात्र तिथेच काढा

डेन्व्हरहून मोटारीनं साडेसहा-सात तास, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीहून चार तासांच्या आत. ड्यूरँगोला छोटा विमानतळही आहे. गाडी सकाळी सुटते, त्यामुळे आदल्या रात्री ड्यूरँगोतच असलेलं बरं.

एवढंच कारण नाही. ड्यूरँगो सुमारे १,९८५ मीटरवर आहे आणि सिल्व्हर्टन २,८४० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ज्या गावाच्या सपाट रस्त्यावर तुम्ही फिरणार आहात तो रस्ता महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकाहून बाराशे मीटर उंच आहे. समुद्रसपाटीवरून थेट आलात तर डोकं ठणकणं, धाप लागणं, रात्री झोप न येणं हे ठरलेलंच. एक रात्र मध्ये काढली तर शरीर जरा सावरतं. तहान नसली तरी पाणी पीत राहा, पहिल्या दिवशी दारू टाळा, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना नेत असाल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. आईबाबा ‘काही होत नाही रे’ म्हणतील. तरी विचारा.

संध्याकाळी हातात वेळ असेल तर ड्यूरँगो स्टेशनमागच्या लोको शेडमध्ये रेल्वेचं संग्रहालय आहे, ते बघा. १९८९ मध्ये ही शेड आगीत जळाली होती, पुन्हा बांधली. अर्ध्या इमारतीत संग्रहालय आणि अर्ध्या इमारतीत चालू इंजिनांची खरीखुरी देखभाल, असा प्रकार आहे.

तिसरं: तिकीट काढताना घाई करू नका

हंगामात तिकिटं आधी संपतात, म्हणून काही आठवडे आधी काढा. डब्यांचे प्रकार ढोबळमानानं तीन: साधा बंद डबा, बाजूंनी उघडा डबा (इथे त्याला ‘गोंडोला’ म्हणतात), आणि वरच्या दर्जाचे महागडे डबे. मी उघड्या डब्याच्या बाजूचा आहे. काच मध्ये नसते, इंजिनाचा आवाज अंगावर येतो, आणि वळणावर स्वतःचीच गाडी पुढे वळताना दिसते. पण वारा झोंबतो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर बंद डबा घ्या. सोबत आजी असताना हौसेनं उघडा डबा घेणारे लोक अर्ध्या तासात पस्तावतात.

आता कळीची गोष्ट. वर जाताना उजव्या बाजूची जागा मागा. वाटेतलं रॉकवुड स्टेशन सोडल्यावर गाडी कड्यात कोरलेल्या एका अरुंद पायरीवरून जाते, तिला ‘हाय लाइन’ म्हणतात. नदी शेकडो फूट खाली, हिरवट पाण्याची एक रेघ. ती उजवीकडे दिसते. डावीकडच्यांना दिसतो तो हात लांबवला तर लागेल असा खडक.

मुक्काम करणार असाल तर परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशीचा हवा आहे हे तिकीट काढतानाच सांगा. ऐन वेळी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत चढता येईल असं धरून चालू नका. एकीकडून रेल्वे आणि दुसरीकडून बस असाही पर्याय असतो. गाडीला एका दिशेला साडेतीन तास लागतात, तर रस्त्यानं सव्वा तासात पोचता येतं. साडेतीन आणि साडेतीन असे सात तास लाकडी बाकांवर मुलांना बसवून ठेवण्यापेक्षा हा पर्याय शहाणपणाचा.

चौथं: गाडीत बसल्यावर

पांढरा शर्ट घालू नका. पूर्वी ही इंजिनं कोळशावर चालायची. एका फेरीला सहा टन कोळसा फायरमन फावड्यानं भट्टीत लोटायचा आणि ठिणग्या मागे उडायच्या. २०१८ च्या जूनमध्ये ड्यूरँगोच्या उत्तरेला मोठा वणवा लागला, त्याला ‘४१६ फायर’ म्हणतात. तो इंजिनाच्या ठिणगीनं लागला असा ठपका ठेवून सरकारनं रेल्वे कंपनीवर खटला भरला आणि २०२२ मध्ये तडजोडीत कंपनीनं दोन कोटी डॉलर भरायचं ठरलं. त्या वणव्यानंतर इंजिनं कोळशावरून तेलावर आणली गेली. ठिणग्यांचा त्रास गेला, पण काजळी थोडीफार असतेच. उघड्या डब्यात असाल तर गॉगल लावा, डोळ्यात कण गेला की पुढचा अर्धा तास वाया.

इंजिनावरचा नंबर बघून ठेवा. ४७३, ४७६, ४७८ ही १९२३ ची; ४८०, ४८१, ४८२, ४८६ ही १९२५ ची. शंभरी गाठलेलं लोखंड आहे, आणि चढावर त्याचा श्वास ऐकू येतो. सपाटीवर आवाज एकसारखा असतो, चढ लागला की एकेक धाप सुटी होते.

हाय लाइन संपली की गाडी उंच पुलावरून नदी ओलांडते. त्याच्या आसपास चालक बॉयलरच्या तळाशी साचलेला गाळ वाफेच्या जोरानं बाहेर सोडतो. बाजूला पांढरा झोत सुटतो आणि ऊन असेल तर त्या वाफेत दोन-तीन सेकंद इंद्रधनुष्य उमटतं. पहिल्या वेळी मी मोबाइलचं कुलूप उघडत होतो. तुम्ही कॅमेरा आधीच हातात ठेवा.

पुढे इंजिन पाणी भरायला थांबतं. नीडल्टनसारख्या ठिकाणी पाठीवर मोठाल्या पिशव्या घेतलेली माणसं उतरतात; तिथे मोटाररस्ता नाही, डोंगर चढणाऱ्यांना ही गाडीच बरी पडते. घळीत मोबाइलला रेंज मिळत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर साडेतीन तासांत तिकडे काळजीनं जीव टांगणीला.

नदीचं पूर्ण स्पॅनिश नाव ‘रिओ दे लास आनिमास पेर्दिदास’ असं सांगतात, म्हणजे हरवलेल्या आत्म्यांची नदी. ५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हर्टनच्या वरच्या अंगाला गोल्ड किंग या बंद खाणीत काम चालू असताना बांध फुटला आणि सुमारे तीस लाख गॅलन दूषित पाणी यात आलं. कित्येक दिवस नदी संत्र्याच्या रंगाची होती. आज पाणी नितळ दिसतं, पण काठचे काही दगड अजून तांबूस आहेत. खाणींतून झिरपणारं लोह इथे फार जुनं आहे.

पाचवं: उतरल्यावर पहिले दोन तास

गाडी जुन्या स्टेशनापाशी न थांबता थेट गावात येते आणि ब्लेअर रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसं उतरवते. सगळे एकदम उतरतात, एकदम भुकेलेले असतात आणि एकदम समोरच्याच हॉटेलात शिरतात. तुम्ही तसं करू नका. तुमच्याकडे उद्याचा दिवसही आहे. ड्यूरँगोतून आणलेलं काहीतरी तोंडात टाका, सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा आणि उलट दिशेला, ग्रीन रस्त्याच्या उत्तर टोकाकडे चालू लागा. हळू चाला. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर धाप लागेल.

त्या टोकाला काऊंटीचं न्यायालय आहे, सोनेरी घुमटाचं. एवढ्याशा गावाला एवढी इमारत कशाला असं वाटतं, मग आठवतं की ती बांधली तेव्हा गाव एवढंसं नव्हतं. शेजारी खाणकामाचं संग्रहालय, आणि त्याला लागूनच १९०२ चा तुरुंग. या दोन्हींना मिळून कमीत कमी दीड तास द्या. तुरुंगातल्या लोखंडी कोठड्या बघून मुलं खूश होतात. मी मात्र रमलो खाणमजुरांच्या वस्तूंत: जेवणाचा डबा, दिवा, छिद्रं पाडायची यंत्रं.

ग्रीन रस्ता डांबरी आहे, बाकी बहुतेक रस्ते अजून मातीचे. दुकानं, उपाहारगृहं, ग्रँड इम्पीरियल हे १८८०च्या दशकातलं हॉटेल असं सगळं ग्रीन रस्त्यावर. एक गल्ली सोडून असलेला ब्लेअर रस्ता एके काळी दारूचे गुत्ते आणि वेश्यावस्तीसाठी बदनाम होता. सभ्य लोक ग्रीनवर, बाकीचे ब्लेअरवर, अशी विभागणी. आज तिथे आइस्क्रीम मिळतं.

सहावं: गाडी गेल्यानंतर

शिट्टी झाली की तुम्ही पदपथावरच्या बाकावर बसा आणि बघा. पंधरा मिनिटांत रस्ता रिकामा होतो. दुकानदार दारात येतात, एकमेकांशी बोलतात. दुपारभर ‘नेक्स्ट’ म्हणणारी गल्ल्यावरची बाई आता तुम्हाला कुठून आलात ते विचारते.

ऊन उतरायला लागलं की अँव्हिल डोंगराच्या उतारावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्यापाशी जा. खाणमजुरांसाठी म्हणून १९५९ मध्ये हा संगमरवरी पुतळा तिथे बसवला. वरून अख्खं गाव तळहातावर मावेल एवढं दिसतं: सरळ आखलेल्या गल्ल्या, पत्र्याची छपरं, आणि चारी बाजूंनी तेरा हजार फुटांचे डोंगर. डोंगराची सावली गावावरून सरकते ती इथून दिसते, आणि सावली आली की गारठा लगेच जाणवतो. जुलैतही रात्री स्वेटर लागतो.

जेवणाचं मात्र लवकर बघा. बऱ्याच जागा गाडीच्या वेळेनुसार चालतात आणि संध्याकाळी लवकर आवरतात. मी एकदा साडेआठला बाहेर पडलो तर तिसऱ्या दारावरही ‘किचन बंद’. त्या रात्री बॅगेतला चिवडा कामी आला. शाकाहारी असाल तर पिझ्झा, सॅलड, बटाटा यावर भागवायची तयारी ठेवा, आणि ‘मांस नको’ एवढंच न म्हणता ‘चिकनही नको, मासेही नको’ असं फोडून सांगा.

रात्री नऊ-दहाच्या सुमारास अंगावर सगळे कपडे चढवून एकदा बाहेर पडा. गल्लीतले दिवे मागे टाकून शंभर पावलं गेलात की वर आकाशगंगा. एवढ्यासाठीही राहावं.

सातवं: दुसरा दिवस

पर्याय तीन आहेत, आणि तिन्ही एका दिवसात बसवायला जाऊ नका.

ओल्ड हंड्रेड ही सोन्याची खाण गावाच्या पूर्वेला पाचेक मैलांवर. छोट्या विजेच्या गाडीत बसवून डोंगराच्या पोटात नेतात आणि जुनी यंत्रं चालवून दाखवतात. आत बारा महिने आठ-नऊ अंश तापमान असतं, जाकीट न्या. मुलं बरोबर असतील तर हीच निवडा. यंत्र सुरू होतं तेव्हा कानावर हात जातो, आणि आवाज थांबल्यावर मघाच्या संग्रहालयातल्या वस्तूंचा अर्थ लागतो: दहा-दहा तास माणसं यात उभी असायची.

ॲनिमस फोर्क्स हे ओसाड गाव सुमारे ३,४०० मीटरवर, सिल्व्हर्टनहून बारा मैल. खाणी संपल्या आणि १९२०च्या दशकापर्यंत माणसं निघून गेली. घरं उभी आहेत, आत शिरता येतं. एका दुमजली घराला बाहेर आलेली मोठी खिडकी आहे. तिच्यात उभं राहिलं की इतक्या वर कुणीतरी हौसेनं खिडकी काढून घेतली याचं नवल वाटतं. रस्ता दगडांचा आहे, साध्या मोटारीनं जाऊ नका. गावात चारचाकी ताकदीची जीप भाड्यानं मिळते किंवा चालकासकट सहलही मिळते. अशा रस्त्यांची सवय नसेल तर चालकासकटच बरं. सकाळी निघा आणि दुपारच्या ढगांआधी खाली या. तिथे झाड नाही, आडोसा नाही, वीज पडण्याचा धोका खरा आहे.

तिसरा पर्याय स्वतःची मोटार असेल तरच: उत्तरेला यूरे गावाकडे जाणारा ‘मिलियन डॉलर हायवे’. ३,३५८ मीटरवरची रेड माउंटन खिंड ओलांडून सुमारे ४० किलोमीटर. डोंगर खरोखर लाल-केशरी आहेत. बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही, कारण बर्फ ढकलायला जागा लागते. अमेरिकेत उजवीकडून गाडी चालते, त्यामुळे सिल्व्हर्टनहून यूरेला जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला असता आणि परत येताना दरीच्या. चक्कर येणाऱ्या माणसाला परतीला कुठे बसवायचं ते आधी ठरवा. हिवाळ्यात हा रस्ता हिमकडे कोसळून बंद होतो, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघणं आलंच.

यातलं काहीच जमलं नाही, पाऊस लागला, पाय दुखले, तर गावाबाहेरच्या टेकडीवरची दफनभूमी बघा. हिमकड्यांखाली आणि खाणीत गेलेले, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं नेलेले. त्या साथीनं या गावाची फार मोठी हानी केली. दगडांवरची नावं इटालियन, स्वीडिश, कॉर्निश. वयं वाचत गेलात तर तिशी ओलांडलेले थोडेच.

परत निघताना

दुपारच्या गाडीच्या अर्धा तास आधी पोचा. त्रिकोणी फाट्यावर अख्खी गाडी फिरवून घेतलेली असते, म्हणजे तोंड खाली ड्यूरँगोकडे आणि बाकही त्याच दिशेला. वर येताना जी उजवी बाजू नदीची होती, ती आता खडकाची. मुक्काम केलेल्यांचं तिकीट वेगळं निघतं, म्हणून परतीला डावी बाजू मागायची. ती मिळाली नाही तर रॉकवुडच्या थोडं आधी डाव्या बाजूच्या आजीबाईंना विचारून बघा. बरेच जण तोपर्यंत झोपेला आलेले असतात आणि आनंदानं जागा देतात.